तीतो गोब्बींची ‘तोस्का’ : शब्दांसाठी ऐकावी अशी

ऑपेराची एकच ध्वनिमुद्रिका घ्यायची तर कुठली, असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं आहे: १९५३ च्या ऑगस्टमध्ये मिलानच्या ला स्काला थिएटरात ध्वनिमुद्रित झालेली पुच्चिनीची ‘तोस्का’. बहुतेक लोक ती नायिका तोस्का गाणाऱ्या मारिया कॅलाससाठी घेतात आणि त्यात काही चूक नाही. मी घेतली ती खलनायक स्कार्पिया गाणाऱ्या तीतो गोब्बींसाठी, आणि आजही लावते ती त्यांच्यासाठीच.

माझं आयुष्य निवेदनात गेलं. माइकसमोर श्वास कुठे चोरायचा, कुठल्या अक्षरावर जोर द्यायचा, वाक्याचा शेवट पाडायचा की उचलून धरायचा, यावरच माझं पोट चाललं. त्यामुळे गाणाऱ्याचे शब्द सुरात विरघळून गेले की माझं लक्ष उडतं, मग आवाज कितीही देखणा असो. गोब्बी ऐकताना तसं होत नाही. इटालियन मला येत नाही, संहिता मांडीवर घेऊनच बसावं लागतं. पण या माणसाच्या तोंडून एकेक शब्द इतका स्वच्छ निघतो की ओळीवरचं बोट चुकत नाही.

गोब्बी १९१३ साली बास्सानो देल ग्राप्पा इथे जन्मले. पादुआत कायदा शिकायला गेले आणि तो सोडून रोममध्ये जुलिओ क्रिमी यांच्याकडे गाणं शिकले. १९४२ मध्ये बेर्गच्या ‘वोत्सेक’ या ऑपेराचा इटलीतला पहिला प्रयोग झाला, त्यात शीर्षक भूमिका त्यांची होती. त्या काळी इटालियन गायकांनी सहसा वाटेला न जावं असं ते अवघड, बेसूर वाटणारं संगीत. नट म्हणून त्यांची तयारी कशी झाली असेल, ते यावरून कळतं.

‘तोस्का’तला स्कार्पिया हा १८०० सालच्या रोमचा पोलीसप्रमुख. पहिल्या अंकात चर्चमध्ये पोरांचा धुडगूस चाललेला असतो आणि हा येतो: “उन ताल बक्कानो इन किएझा!” चर्चमध्ये एवढा गोंधळ! वाद्यवृंद एकदम दबतो. गोब्बींच्या या ओळीत आरडाओरडा नाही, हुकूम आहे. पाच-सात मिनिटांत तोच माणूस तोस्कापुढे पवित्र पाण्याने ओला केलेला हात धरतो, “तोस्का दिव्हिना”, आणि आवाज असा मऊ, असा अदबशीर होतो की अंगावर काटा येतो. पुढे ‘ते देऊम’ हे चर्चमधलं स्तोत्र. मागे घंटा, तोफांचे बार, मिरवणुकीतल्या भाविकांचं गाणं, आणि या सगळ्याखालून त्याचं स्वतःशीच चाललेलं विषारी बोलणं. वाद्यवृंदाचे दिग्दर्शक व्हिक्तोर दे साबाता यांनी पहिल्या अंकातला भाग गोब्बींकडून तीसेक वेळा गाऊन घेतला, असं सांगतात. ऐकताना ते पटतं. एकही अक्षर सहज सुटलेलं नाही.

पण मला सगळ्यात जास्त आवडते ती दुसऱ्या अंकातली एक अगदी छोटी जागा. स्कार्पियाने छळायला लावलेल्या प्रियकराच्या किंकाळ्या ऐकून खचलेली तोस्का त्याच्या सुटकेसाठी स्कार्पियाला विचारते, “क्वांतो?” किती? स्कार्पिया तोच शब्द परत करतो, “क्वांतो?”, जणू त्याला कळलंच नाही. ती फेकून देते, “इल प्रेत्झो!” किंमत! इथे कॅलास जवळजवळ गाणं सोडून बोलते, आणि त्यानंतर गोब्बी हसतात. खलनायकाचं गडगडाटी हसणं नव्हे. जेवणाच्या टेबलाशी बसलेल्या, घाई नसलेल्या माणसाचं हसणं. निवेदन शिकायला येणाऱ्या मुलामुलींना मी ही जागा मुद्दाम ऐकवते.

आता आवाजाच्या प्रतीबद्दल. ध्वनिमुद्रण मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचं आहे. वॉर्नर या कंपनीने २०१४ मध्ये कॅलासच्या स्टुडिओतल्या सगळ्या ध्वनिमुद्रिका लंडनच्या अॅबी रोड स्टुडिओत मूळ टेपवरून नव्याने स्वच्छ करून काढल्या, त्यातली प्रत घ्यावी. घंटा सुट्या ऐकू येतात, दुसऱ्या अंकातली कुजबूजही. ‘ते देऊम’च्या शेवटी मात्र सगळं एकमेकांत दाटतं, ते तसंच आहे. मार्क ओबर्ट-थॉर्न यांनी नॅक्सॉस या कंपनीसाठी केलेली याच ध्वनिमुद्रणाची आवृत्तीही चांगली, मिळाली तर ती घ्यायलाही हरकत नाही. हेडफोनपेक्षा साध्या स्पीकरवर ऐका; मोनो आवाज डोक्याच्या मधोमध अडकून बसला की थकवा येतो.

गोब्बींचा आवाज सगळ्यांना आवडेलच असं नाही. वरच्या पट्टीत तो आवळतो, कडक होतो. १९५५ च्या ‘रिगोलेत्तो’मध्ये हे जाणवतं. तेव्हाचे दुसरे गायक एत्तोरे बास्तियानिनी यांचा आवाज जास्त भरदार आणि गोल होता, यात वाद नाही. तरीही ‘रिगोलेत्तो’ मी गोब्बींचाच ऐकते, कारण रिगोलेत्तो हा एका मुलीचा बाप आहे, आणि त्यांच्या गाण्यात मला तो बाप ऐकू येतो.

स्कार्पियापुरतेच गोब्बी ऐकून थांबू नका. १९५६ ची कारायानने दिग्दर्शित केलेली ‘फाल्स्टाफ’ घ्या. थेम्समध्ये बुचकळून निघालेला तो लठ्ठ म्हातारा कुडकुडत जगाला शिव्या देतो, मग गरम वाइन पोटात गेल्यावर हळूहळू खुलतो, आणि वाद्यवृंदात एक कंप उठून पसरत जातो. त्या तीन-चार मिनिटांत गोब्बी किती रंग बदलतात ते बघा. आणि १९५७ ची ‘सिमोन बोक्कानेग्रा’, सोबत व्हिक्तोरिया दे लोस आंजेलेस आणि बोरिस ख्रिस्तोफ. हरवलेली मुलगी सापडल्यावर शेवटचा “फील्या”, म्हणजे मुली, हा शब्द ते वरच्या सुरावर अगदी हलक्या आवाजात ठेवतात. एरवी जो वरचा सूर त्यांना जड जातो, तोच इथे असा अलगद लागतो.

कॅलास आणि गोब्बी यांनी जॉर्ज प्रेत्र यांच्याबरोबर पुन्हा ‘तोस्का’ केली, तीही मिळते. ती स्टिरिओ आहे, कार्लो बेर्गोंझी सुंदर गातात. पण तोवर दोघांच्याही आवाजावर वय चढलं होतं आणि दे साबातांचा ताण तिथे नाही. पैसे एकीवरच घालायचे असतील तर १९५३ चीच मागवा, आणि मागवताना दिग्दर्शकाचं नाव नीट वाचून घ्या.