घरचा प्लग की रस्त्यावरची गन: इलेक्ट्रिक गाडी घेण्याआधी पार्किंग बघा

इलेक्ट्रिक गाडी घ्यायची म्हटलं की ओळखीतले लोक मला पहिला प्रश्न रेंजचा विचारतात. मी त्यांना उलट विचारते, गाडी रात्री कुठे उभी राहणार? पुढचा बहुतेक हिशोब त्या एका उत्तरावर बसतो.

हे अनुभवाने सांगते आहे. गाडी घेतली तेव्हा आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्यावर भाड्याने राहत होतो. सोसायटीने प्लग लावू दिला नाही, म्हणून पहिले चौदा महिने गाडी पूर्णपणे सार्वजनिक फास्ट चार्जरवर चालवली. नंतर स्वतःच्या घरात गेलो आणि पार्किंगमध्ये चार्जर बसवला. गाडी तीच, ४०.५ युनिटांच्या बॅटरीची नेक्सॉन. रोजचा रस्ताही साधारण तोच, महिन्याला हजारेक किलोमीटर.

आधी पैसे, कारण इथेच गैरसमज जास्त आहेत

"घरी चार्ज केलं की स्वस्त पडतं" हे वाक्य सगळेच म्हणतात. ते खरं आहे, पण महाराष्ट्रात त्याला घरगुती स्लॅबची, म्हणजे वापर वाढेल तसा युनिटचा दर चढवणाऱ्या पायऱ्यांची, अट आहे.

शहरात माझी गाडी युनिटमागे सात किलोमीटर जाते. म्हणजे हजार किलोमीटरला बॅटरीत १४३ युनिटं लागतात. घरच्या एसी (भिंतीतल्या साध्या विजेवरच्या) चार्जिंगमध्ये काही वीज उष्णतेत जाते, त्यामुळे मीटरवर १६० च्या आसपास पडतात. ही १६० युनिटं तुमच्या घरच्या वापराच्या वर चढतात, आणि नेमक्या कुठल्या स्लॅबमध्ये चढतात तिथे खरा फरक पडतो.

महावितरणच्या २०२४-२५ च्या दरांनी वहन आकार (वीज वाहून आणण्याचा खर्च) आणि १६ टक्के वीज शुल्क धरून १०१ ते ३०० युनिटांमधलं युनिट साधारण १३ रुपयांना पडत होतं. ३०१ ते ५०० मधलं १८ रुपयांना, आणि ५०० च्या वरचं २० रुपयांच्याही पुढे. दर बदलत राहतात, त्यामुळे स्वतःच्या ताज्या बिलाची मागची बाजू बघा. पायऱ्यांची रचना मात्र लक्षात ठेवा.

आता त्याच दरांनी दोन घरं घ्या. एका घराचा वापर महिन्याला १४० युनिटं. गाडीची १६० त्यात मिळवली की बरोबर ३००. गाडीचा खर्च झाला सुमारे २,१०० रुपये. दुसऱ्या घरात दोन एसी, वापर ३५०. तिथे त्याच १६० युनिटांचे २,९०० रुपयांच्या वर होतात. आणि मे महिन्यात घरचाच वापर ५०० वर गेला असेल, तर ३,३०० रुपये.

सार्वजनिक डीसी (फास्ट) चार्जरवर आकारणी गनमधून, म्हणजे गाडीला लावायच्या तोंडातून, बाहेर पडलेल्या युनिटांवर होते, म्हणजे एसीचं डीसी करतानाचा तोटा तुमच्या माथी येत नाही. तिथे महिन्याला दीडशे युनिटं धरा. १८ टक्के जीएसटी धरून दर साधारण १८ ते २५ रुपयांच्या घरात असतो. २२ ने धरला तर ३,३०० रुपये. म्हणजे उन्हाळ्यात दोन एसी चालवणाऱ्या घराला रस्त्यावरचा चार्जर आणि घरचा प्लग एकाच भावात पडतात! हे गणित गाडीच्या शोरूममध्ये मला कुणी मांडून दाखवलं नव्हतं.

यावर उपाय आहे आणि तो कायद्याने मिळालेला आहे. गाडीसाठी वेगळी वीजजोडणी मागता येते. केंद्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत तशी स्पष्ट दुरुस्तीच केली. महावितरणची ईव्ही चार्जिंगसाठी स्वतंत्र वर्गवारी आहे आणि तिला घरगुतीसारखे स्लॅब नाहीत. त्या मीटरचा स्थिर आकार वेगळा भरावा लागतो, त्यामुळे महिन्याला तीन-चारशे किलोमीटर चालणाऱ्या गाडीला हा खटाटोप परवडणार नाही. पण हजार किलोमीटर चालवणाऱ्या आणि घरी ३०० युनिटांच्या वर वापर असणाऱ्या माणसाने वेगळा मीटर घ्यावाच, असं माझं ठाम मत आहे. आधीच्याच घरगुती मीटरवर गाडी चार्ज केली तरी त्यात बेकायदा काही नाही. सोसायटीत कुणी तसं म्हणालं तर केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाची मार्गदर्शक तत्त्वं दाखवा.

टीओडी (दिवसातल्या वेळेनुसार दर लावणारे) मीटर बसलेल्या घरगुती ग्राहकांना जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलत मिळते. "गाडी रात्रीच लावा" हा सल्ला त्यामुळे आपल्याकडे आता जुना झाला. घरून काम करणारे किंवा शनिवार-रविवार गाडी घरी ठेवणारे यांनी दुपारीच लावावी. छतावर सोलर असेल तर मग विचारायलाच नको.

वेळ

मोठी बॅटरी साध्या १५ अँपिअरच्या प्लगवर भरायला रात्रच काय, पंधरा तास लागतात. ७.२ किलोवॉटच्या भिंतीवरच्या चार्जरला साडेसहा तास. डीसी फास्ट चार्जरवर ८० टक्क्यांपर्यंत तासाभरात काम होतं. आकडे असे मांडले की फास्ट चार्जर सहज जिंकतो. जगताना मात्र उलटा अनुभव येतो. घरच्या पंधरा तासांपैकी माझा वेळ जातो अर्धा मिनिट, गन लावायला आणि काढायला. फास्ट चार्जरवरचा तास पूर्ण माझा जातो.

त्या चौदा महिन्यांत आठवड्यातून एक संध्याकाळ चार्जरवर जायची. ऑफिसमधून निघायचं, वाटेत ॲपवर चार्जर मोकळा दिसायचा, पोचेपर्यंत कुणीतरी लावलेला असायचा. एकदा पावसात एका चार्जिंग स्टेशनवर पोचले. दोनपैकी एका गनवर टॅक्सी होती. दुसरी गन लावली, लॉक पडल्याचा आवाज आला, स्क्रीनवर चक्र फिरलं आणि लाल अक्षरांत एरर. ॲपच्या वॉलेटमधून पैसे मात्र कापले गेले. हेल्पलाइनवाल्याने दुरून मशीन रीस्टार्ट केलं, त्याबरोबर शेजारच्या टॅक्सीचंही चार्जिंग तुटलं. तो चालक माझ्याकडे बघत राहिला. त्याची तर रोजीरोटी त्या गनवर होती. पैसे पाच दिवसांनी परत आले. घरी पोचायला पावणेदहा झाले आणि मुलगी न जेवता झोपली होती. बॅटरीत तेव्हा १४ टक्के होते, म्हणून थांबणं भागच होतं. दर आठवड्याला असं होत नाही. पण पूर्ण भिस्त सार्वजनिक चार्जरवर असेल तर जेव्हा होतं तेव्हा हातात दुसरा मार्ग नसतो.

मशीनवरच्या किलोवॉटच्या आकड्याबद्दलही सांगायला हवं. '६० किलोवॉट' लिहिलेल्या दोन गनच्या चार्जरवर दोन गाड्या लागल्या की बहुतेक ठिकाणी वीज वाटली जाते, प्रत्येकीला तीस-तीस. शिवाय गाडी जेवढी घेऊ शकते तेवढीच घेते. आणि ८० टक्क्यांनंतर वेग इतका उतरतो की वरच्या वीस टक्क्यांसाठी बसून राहणं म्हणजे स्वतःचा आणि मागे थांबलेल्याचा, दोघांचाही वेळ घालवणं. ऐंशीला गन काढा आणि निघा.

घरी चार्जर लावणं वाटतं तेवढं सोपं नाही

घरच्या बाजूने बोलते आहे म्हणून तिथल्या अडचणी लपवणार नाही. आमच्याकडे मीटर रूमपासून पार्किंगपर्यंत चाळीस मीटर केबल लागली. वायरमनने मल्टिमीटरची एक सुई न्यूट्रलला आणि दुसरी अर्थिंगला लावली, तर आकडा १७ व्होल्ट! "मॅडम, अर्थिंग नावालाच आहे. गाडी घेणारच नाही चार्ज." गाडीबरोबर आलेला पोर्टेबल चार्जर लावून बघितला आणि खरंच, त्याचा लाल दिवा लागला. गाडी स्वतःच अर्थिंग तपासते आणि ठीक नसेल तर वीज घेत नाही. सुरक्षेसाठी हे उत्तमच आहे. मग पार्किंगच्या कडेला खड्डा घेऊन नवीन अर्थिंग केलं. पुन्हा मोजलं तेव्हा आकडा दीड व्होल्टवर आला आणि हिरवा दिवा लागला. माझ्या मते सगळ्या कामातला सर्वांत मोलाचा खर्च तोच होता. इमारत वीस-पंचवीस वर्षं जुनी असेल तर चार्जर मागवण्याआधी ही मोजणी करून घ्या.

दुसरी गोष्ट मंजूर भाराची, म्हणजे घराला एका वेळी किती वीज ओढता येते त्या मर्यादेची. जुन्या फ्लॅटला अनेकदा तीन किंवा पाच किलोवॉटच मंजूर असतो. ७.२ चा चार्जर, गीझर आणि एसी एकाच वेळी चालले तर तेवढा भार पुरत नाही, आणि सिंगल फेज आठ किलोवॉटपर्यंतच मिळतं. म्हणजे थ्री फेज तरी घ्या किंवा गाडीचा मीटर वेगळा करा. रोज तीस-चाळीस किलोमीटर जाणाऱ्याला तर ७.२ ची गरजही नसते. १५ अँपिअरवर रात्रीच्या आठ तासांत दीडशे किलोमीटरची बेगमी होते. फक्त त्यासाठी स्वयंपाकघरातला जुना सॉकेट वाढवून घेऊ नका. सलग आठ तास भार घेताना हलका सॉकेट तापतो, प्लास्टिक पिवळं पडतं, मग वितळतं. इंडस्ट्रियल सॉकेट, जाड तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच) आणि आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा), यात काटकसर नको.

आणि सोसायटी. आमच्या नव्या सोसायटीच्या समितीला आगीची भीती होती आणि ती मला चुकीची वाटत नाही. त्यांच्या इमारतीची काळजी त्यांनी घ्यायलाच हवी. आम्ही परवानाधारक वायरमनकडून केबलचा नकाशा काढून घेतला, वीज आमच्याच मीटरवरून जाईल हे अर्जात लिहिलं, आणि समितीला मीटर रूममध्ये नेऊन एमसीबी कुठे बसेल ते दाखवलं. दोन बैठकांत परवानगी मिळाली. आता तिथे आणखी तीन चार्जर लागले आहेत, सगळे त्याच केबल ट्रेमधून.

बॅटरीचं काय?

फास्ट चार्जिंगने बॅटरी लगेच खराब होते, ही भीती अतिरेकी आहे. वेगाने भरताना बॅटरी तापते आणि सततची उष्णता तिला मानवत नाही, एवढं खरं. भर उन्हाळ्यात हायवेवरून तापून आलेली गाडी लगेच लावली की गाडीच वेग कमी करते, तिला तिचं संरक्षण कळतं. बहुतेक कंपन्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी देतात. तरी काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये काही फास्ट चार्जनंतर एकदा सावकाश पूर्ण शंभरपर्यंत भरा असं सांगितलेलं असतं. ते पाळा. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीला टक्केवारीचा अचूक अंदाज राहायला अधूनमधून पूर्ण भरणं लागतंच. घरी प्लग नसणाऱ्याला नेमकं हेच जमत नाही, कारण तेवढे तास गाडी लावून ठेवायची कुठे?

लांबचा प्रवास

इथे घरच्या चार्जरला बाजूला बसावं लागतं. मुंबई-पुणे, पुणे-कोल्हापूर, नाशिककडचा रस्ता, या मार्गांवर फूड मॉल, पेट्रोल पंप आणि हॉटेलांत सीसीएस२ (आपल्याकडच्या बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांना बसणाऱ्या फास्ट चार्जिंगच्या प्रकारच्या) गन आता पुरेशा आहेत. कोकणात महामार्ग सोडून आत शिरलं की विरळ होतात, तिथे मुक्कामाच्या जागेलाच १५ अँपिअरचा प्लग आहे का ते आधी फोन करून विचारते. माझं सासर कराडला, पुण्याहून १६० किलोमीटर. जाताना वाटेत थांबावं लागत नाही. तिकडे सासूबाईंनी बोअरच्या मोटरशेजारी माझ्यासाठी सॉकेट बसवून घेतला आहे. रात्री गाडी लावली की सकाळी परतीची सोय झालेली असते. दिवाळीत हायवेच्या चार्जरवर रांगा लागतात तेव्हा त्या सॉकेटची किंमत कळते.

तर घ्यावी कुणी?

स्वतःचं पार्किंग आहे आणि सोसायटी तयार आहे, तर डोळे झाकून घरचा चार्जर. हायवेसाठी दोन-तीन कंपन्यांची ॲप फोनमध्ये ठेवा आणि प्रत्येकात थोडे पैसे. स्वतःचा बंगला किंवा गावचं घर असेल तर विचार करण्यासारखं फारसं उरत नाही, अर्थिंग तेवढं तपासा.

ऑफिसच्या पार्किंगमध्ये चार्जर असेल तर तो जवळजवळ घरच्याइतकाच चांगला. गाडी तिथे आठ तास उभीच असते.

पार्किंग ठरलेलं नाही, गाडी रस्त्यावर लागते, सोसायटी नाही म्हणते, असं असेल तर बुकिंगची रक्कम भरायच्या आधी एक काम करा. घर आणि ऑफिसच्या वाटेवरचे तीन फास्ट चार्जर निवडा आणि एका आठवड्यात तिन्हीकडे संध्याकाळी सात वाजता प्रत्यक्ष जाऊन या. किती गन चालू आहेत, किती जण थांबलेत, पेट्रोलची गाडी आडवी लावली आहे का, ते बघा. तिथे लावणाऱ्या टॅक्सीचालकांशी बोला, त्यांना प्रत्येक मशीनची खोड माहीत असते. तिन्हींपैकी दोन ठिकाणी दहा मिनिटांत गन मिळाली तर गाडी घ्या. नाहीतर आधी सोसायटीला लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.

भाड्याच्या घरात असाल तर पुढचं घर बघताना बाल्कनीच्या आधी पार्किंगमध्ये जा आणि मीटर रूम तिथून किती लांब आहे ते पावलांनी मोजा.