चार्ज घेईना तेव्हा वॉरंटी कळली: बिझनेस लॅपटॉप, 14 महिन्यांनंतर

18 तारखेला संध्याकाळी लॅपटॉपने चार्ज घेणं बंद केलं. बॅटरी 31 टक्के. 20 तारखेपर्यंत पाच दुकानांचे जीएसटीआर-3बी, म्हणजे जीएसटीचे महिन्याचे रिटर्न, भरायचे होते, नाहीतर प्रत्येकाला दिवसाला 50 रुपये लेट फी आणि मला बोलणी.

लॅपटॉप बिझनेस मालिकेतला, लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला. तक्रार लिहितेय म्हणून कंपनीचं नाव घेत नाही. घरगुती मॉडेल बरंच स्वस्त पडत होतं, आणि तीन वर्षांच्या ऑनसाइट वॉरंटीचे (इंजिनिअर घरी येऊन दुरुस्त करतो ती) पैसे तर वेगळेच. ते भरताना जिवावर आलं होतं. पण आधीचा लॅपटॉप सर्व्हिस सेंटरला नेऊन द्यावा लागायचा आणि एकदा 17 दिवस तिथेच पडून होता, तेव्हा भरले.

बांध्याबद्दल तक्रार नाही. भांडुप ते मशीद बंदर रोजचा लोकलचा प्रवास, एक अख्खा पावसाळा, तरी बिजागऱ्या घट्ट आहेत.

राग आहे तो चार्जिंगच्या पोर्टवर. माझ्या मॉडेलला टाइप सी पोर्ट एकच, आणि तो थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेला. जुन्या गोल पिनच्या लॅपटॉपांत बऱ्याचदा जॅक सुट्या वायरवर असायचा, तेवढाच बदलून काम भागायचं. इथे पोर्ट सैल झाला की अख्खा बोर्ड बदला! खोक्यावर मिल-एसटीडी-810 (अमेरिकी लष्कराचं टिकाऊपणाच्या चाचण्यांचं मानक) लिहिलेलं असतं, पण त्यातल्या कुठल्या चाचण्या घ्यायच्या हे कंपनीच ठरवते. दिवसातून चार वेळा चार्जर लावणं-काढणं कोण मोजतं? दुकानात प्लग गल्ल्याखाली असतो, वायर लोंबकळत राहते, सगळा ताण पोर्टवर.

19 ला सकाळी फोन लावला. चाळीस मिनिटं गेली. बायॉस (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा म्हणे. अहो, चार्जर लागलेला नसेल तर ते अपडेट सुरूच होत नाही, आणि माझी तक्रारच ती आहे. त्यात कळलं की त्यांच्या नोंदीत माझी वॉरंटी बिलाच्या 38 दिवस आधीच सुरू झालेली. माल डीलरकडे गेला ती तारीख धरलेली. पैसे मोजले मी, आणि दिवस डीलरच्या गोदामात संपले. बिलाची प्रत लगेच मेल केली.

वॉरंटीत इंजिनिअर 'नेक्स्ट बिझनेस डे'ला, म्हणजे कामाच्या पुढच्या दिवशी येणार असं होतं, त्याचा अर्थही तेव्हाच कळला. फोनवरची तपासणी संपून पार्ट मंजूर झाला की तिथून दिवस मोजतात. इंजिनिअर 21 ला आला. रिटर्न मी 20 ला एका दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर बसून भरले. टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, बॅकअप पेनड्राइव्हवर होता म्हणून जमलं. त्या रात्री 'ऑनसाइट वॉरंटी घेऊ नका' असं लिहायलाही बसले होते.

ते पुसलं, कारण इंजिनिअरचं काम. जेवणाच्या टेबलावर अँटिस्टॅटिक मॅट पसरली, आधी स्वतःचा चार्जर लावून खात्री केली, मग सव्वा तासात बोर्ड बदलला. एसएसडी, म्हणजे डेटा असतो ती डिस्क, माझीच ठेवली. सुरू केल्यावर निळ्या स्क्रीनवर बिटलॉकरने (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) 48 अंकी रिकव्हरी की मागितली. मला घाम फुटला. तो म्हणाला, "ताई, घाबरू नका, बोर्डाबरोबर टीपीएम, म्हणजे सुरक्षेची चिप, बदललीय म्हणून विचारतंय. मोबाइलवर मायक्रोसॉफ्ट अकाउंट उघडा." की तिथे सापडली, आणि डेटा उघडेपर्यंत तो थांबला. वॉरंटीबाहेर हाच बोर्ड तीस हजारांच्या आसपास पडला असता, असं त्याने सांगितलं. वॉरंटीचे पैसे एका फटक्यात वसूल झाले.

तुम्ही घेणार असाल तर दोन टाइप सी पोर्टचंच मॉडेल घ्या, आणि दुकानातच दोन्हींवर चार्जर लावून बघा. दोन-तीन हजार जास्त गेले तरी चालतील. ऑनसाइट सेवा आपल्या पिनकोडला आहे का ते आधी विचारा. बॅटरीला बहुतेक वेळा एकच वर्ष कव्हर असतं, माझं संपलंय. बिटलॉकरची ती रिकव्हरी की कागदावर लिहून घरात ठेवा. मी आता एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन फिरते, वायर लोंबू देत नाही.

वॉरंटीच्या तारखेसाठी आणखी दोन मेल करावे लागले. काल साइटवर सीरियल नंबर टाकून पाहिला: वॉरंटी बिलाच्या तारखेपासून दिसतेय, 38 दिवस परत मिळाले.