पेल्विक फ्लोअर ट्रेनर: सहा महिन्यांत आलेख चढला, ताकद तिथंच

योनीमार्गात घालायचा सिलिकॉनचा प्रोब, आत दाब मोजणारा सेन्सर, फोनवर अ‍ॅप. पेल्विक फ्लोअर, म्हणजे मूत्राशय आणि गर्भाशय खालून तोलून धरणारे स्नायू, आवळायचा सराव करून घेणारं हे यंत्र. सहा महिन्यांत अ‍ॅपमधला आकडा दुपटीवर गेला. फिजिओथेरपिस्टने बोटाने तपासलं, तर मॉडिफाइड ऑक्सफर्ड ग्रेड, म्हणजे या स्नायूंच्या ताकदीची श्रेणी, सुरुवातीला २ होती, आताही २च. ० ते ५ मधली २.

कारण साधं आहे. हा प्रोब स्नायूची ताकद मोजत नाही, दाब मोजतो. पेल्विक फ्लोअर आवळला की योनीमार्गातला दाब वाढतो. शौचाला कुंथल्यासारखा जोर लावला तरी पोटातला दाब खाली येतो आणि प्रोब तितकाच दाबला जातो. यंत्राला दोन्ही सारखंच. कुंथलं तरी अ‍ॅप हिरवी टिक देतं, आणि जो स्नायू वर उचलायला शिकायचा तोच रोज खाली ढकलला जातो. अंग बाहेर येण्याचा त्रास असलेल्या बाईसाठी ही चूक किरकोळ नाही. तरी सोबतच्या पुस्तिकेत याबद्दल एक ओळही नाही. माझा सगळा राग याच एका गोष्टीवर आहे.

चूक घरच्या घरी ओळखता येते. उशीला टेकून पाठीवर पडा, गुडघे दुमडा, एका हातात आरसा धरा. प्रोबची शेपटी ताठ असेल तर नीट आवळल्यावर तिचं टोक खाली, गादीकडे झुकतं आणि गुद्द्वार आत ओढलेलं दिसतं. टोक वर उठलं, प्रोब बाहेर सरकला किंवा योनी आणि गुद्द्वार यांच्यामधला भाग फुगला, तर तुम्ही कुंथताय. दुसरा हात बेंबीखाली ठेवा. पोट फुगता कामा नये, श्वास अडकता कामा नये, मांड्या आणि ढुंगण सैल हवं. वारा सरू नये म्हणून आवळतो तसं मागून सुरू करायचं आणि पुढे आणायचं. पण लघवी करताना धार अडवून सराव करू नका, मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही.

पहिले दोन महिने माझं मत होतं, यंत्र परतच करावं. ते थोडं बदललं, कारण सैल सोडणं या यंत्रावर फार छान दिसतं. पाच सेकंद आवळलं तर निदान पाच सेकंद सोडायचं, आणि अ‍ॅपमधली दाबाची रेघ तळाला टेकल्याशिवाय पुढचं आवळणं नाही. घाईत हे कळत नाही, पडद्यावर लगेच कळतं. ज्यांना संबंधांच्या वेळी दुखतं, लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, मेन्स्ट्रुअल कप घालताना आग होते, त्यांचा फ्लोअर बऱ्याचदा आधीच आखडलेला असतो. त्यांनी आधी तपासणी करावी. आवळण्याच्या व्यायामाने त्यांचं दुखणं वाढू शकतं. असा काही त्रास आहे का, हे अ‍ॅप विचारतच नाही.

आता पैशाचं. ब्रिटनमध्ये ६०० बायकांवर झालेली ओपल चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. नुसता व्यायाम आणि व्यायामासोबत बायोफीडबॅक (स्नायू काय करतोय ते यंत्रावर दाखवणं), यांत दोन वर्षांनी लघवी गळण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. तिथलं यंत्र स्नायूंचे विद्युत संकेत टिपणारं होतं, दाबाचं नव्हतं. तरी खरेदीआधी हे माहीत असावं. उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेची शिफारस आहे किमान ८ आकुंचनं, दिवसातून ३ वेळा, देखरेखीखाली निदान ३ महिने. त्याला ब्लूटूथ लागत नाही. म्हणून पहिला खर्च तपासणीचा करा. जाताना तीन दिवसांची नोंद न्या: किती वाजता किती मिली लघवी, किती चहा-पाणी, कधी गळलं. मापाचा मग बाथरूममध्येच ठेवा. आतून तपासणी नको असेल तर तसं सांगता येतं, बाहेरूनही बरंच कळतं.

घेतलंच असेल तर जेल पाण्याच्या बेसचंच वापरा, सिलिकॉनचं जेल प्रोब खराब करतं. सौम्य साबणाने धुऊन पूर्ण कोरडा करा, कोणालाही वापरायला देऊ नका. संसर्ग असताना, गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर तपासणी होण्याआधी लावू नका.

पाचपैकी दोन तारे, तेही सैल सोडणं दाखवणाऱ्या रेघेसाठी. मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो यंत्राशिवाय शिकलेल्या गोष्टीचा: शिंक येतेय असं वाटताच आधी आवळा आणि शिंक होऊन जाईपर्यंत सोडू नका. भरलेली बादली उचलतानाही तसंच, आधी आवळायचं, मग उचलायचं.