एका पडद्यावर अनेक कॅलेंडरं: शेजारी-शेजारी, एकावर एक की आडव्या ओळींत?

डेस्कटॉपवर बरीच कॅलेंडरं एकत्र बघण्याचे तीन प्रकार आहेत. पहिल्यात प्रत्येक कॅलेंडरला स्वतःचा उभा रकाना मिळतो. दुसऱ्यात सगळ्यांच्या नोंदी एकाच जाळीवर येतात आणि कोणती नोंद कुठली, हे फक्त रंगावरून कळतं. तिसऱ्यात प्रत्येक माणसाला एक आडवी ओळ मिळते आणि तास डावीकडून उजवीकडे जातात. हे तिन्ही प्रकार सगळ्या प्रोग्रामांत मिळत नाहीत. म्हणून आपल्याला रोज कोणता प्रश्न पडतो, ते आधी बघावं.

"मला वेळ कधी आहे?" हा प्रश्न असेल, म्हणजे ऑफिस, घर आणि मुलांची शाळा अशी तीन कॅलेंडरं आपलीच असतील, तर एकावर एक रचलेलं दृश्यच हवं. त्यात रिकामी जागा म्हणजे खरोखरच रिकामी वेळ. "या सहा जणांपैकी दुपारी मोकळं कोण?" हा प्रश्न असेल तर तेच दृश्य कुचकामी ठरतं. सहा रंगांची खिचडी होते आणि मोकळा माणूस त्यात दिसतच नाही, कारण त्याच्या नावावर काही नोंदच नसते. तिथे आडव्या ओळी लागतात.

शेजारी-शेजारी रकाने दिसायला सर्वांत स्वच्छ, पण रुंदी फार खातात. १९२० पिक्सेल रुंद पडद्यावर डावीकडची यादी आणि तासांची पट्टी सोडून साधारण १६५० पिक्सेल उरतात असं धरा. चार कॅलेंडरं आणि पाच दिवसांचा आठवडा म्हणजे २० रकाने, प्रत्येकी जेमतेम ८० पिक्सेल. त्यात बैठकीच्या नावाचा पहिला शब्दही धड मावत नाही. म्हणून हा प्रकार एका दिवसापुरता, किंवा दोनच कॅलेंडरांसाठी ठेवावा.

जुनं आउटलुक: तिन्ही प्रकार एकाच ठिकाणी

विंडोजवरच्या क्लासिक आउटलुकला या कामात अजून तोड नाही. कंट्रोल आणि २ दाबून कॅलेंडर उघडा, डाव्या यादीत हव्या त्या नावांपुढे खूण करा, की रकाने शेजारी-शेजारी येतात. प्रत्येक रकान्याच्या वर नावाचा टॅब असतो आणि टॅबवर छोटा बाण. तो दाबला की ते कॅलेंडर शेजारच्यावर चढतं. पुन्हा दाबला की वेगळं होतं. त्यामुळे दोन कॅलेंडरं एकत्र आणि तिसरं बाजूला, अशी मिश्र मांडणीही करता येते. एकावर एक असताना समोरच्या टॅबच्या नोंदी ठळक आणि मागच्यांच्या फिक्या दिसतात. नवी नोंद नेहमी समोरच्या कॅलेंडरात जाते. चुकीच्या कॅलेंडरात नोंद पडण्याचं सर्वांत मोठं कारण हेच, तेव्हा नोंद करण्याआधी समोर कोणता टॅब आहे ते बघण्याची सवय लावावी.

आडव्या ओळींच्या दृश्याला इथे शेड्यूल व्ह्यू म्हणतात. ते आउटलुक २०१० पासून आहे आणि कंट्रोल, ऑल्ट आणि ५ दाबून उघडतं. कॅलेंडरांची संख्या पाचवर गेली की आउटलुक आपणहून या दृश्यात उडी मारतं, आणि "माझा आठवडा कुठे गेला?" म्हणून अनेक जण गोंधळतात. ही मर्यादा फाइल, ऑप्शन्स, कॅलेंडर इथे डिस्प्ले ऑप्शन्समध्ये बदलता येते. मोठा पडदा असेल तर पाचाऐवजी आठ करा. उडी नकोच असेल तर खूण काढून टाका. त्याच पानावर दुसरा आणि तिसरा टाइम झोन जोडायची सोय आहे. वेगवेगळ्या देशांतल्या लोकांबरोबर काम असेल तर ती वापराच.

रोज तीच माणसं बघायची असतील तर होम टॅबवर कॅलेंडर ग्रुप्समधून गट करून ठेवा. मग गटाच्या नावापुढे एक खूण केली की सगळे उघडतात. मात्र गटात पंचवीस नावं कोंबून ती कायम उघडी ठेवू नयेत. प्रत्येक सामायिक कॅलेंडर सर्व्हरवरून येतं, आणि खिडकी अडखळू लागली की पहिला संशय इथेच घ्यावा. एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टचा कार्यालयीन मेल आणि कॅलेंडरचा सर्व्हर) खात्याच्या सेटिंग्जमध्ये ॲडव्हान्स्ड टॅबवर सामायिक कॅलेंडरांच्या सुधारणांची खूण आहे का, हेही तपासावं.

क्लासिकची दुखरी बाजू गूगल आहे. जीमेलचं खातं आयमॅपने, म्हणजे मेल आणण्याच्या पद्धतीने, जोडलं तर फक्त मेल येते. आयमॅपमधून कॅलेंडर येतच नाही. मग गूगलच्या सेटिंग्जमधला आयकॅल या कॅलेंडर-फाइलच्या स्वरूपाचा गुप्त पत्ता घेऊन इंटरनेट कॅलेंडर म्हणून जोडावा लागतो. ते फक्त वाचता येतं, बदलता येत नाही. शिवाय तो पत्ता ज्याच्या हाती लागेल त्याला सगळं दिसतं. कुठे पाठवला गेला असेल तर गूगलमध्ये लगेच रीसेट करावा.

नवं आउटलुक

नव्या आउटलुकमध्ये खुणा केलेली कॅलेंडरं मुळातच एकत्र मिसळून येतात. वेगळे रकाने हवे असतील तर एका दिवसाच्या दृश्यात जाऊन व्ह्यू टॅबवरचं स्प्लिट व्ह्यू चालू करायचं. टॅबवरच्या बाणाने हवं ते हव्या त्यावर चढवण्याची क्लासिकमधली मोकळीक इथे नाही. उलट जीमेलचं खातं जोडलं की त्याचं कॅलेंडरही येतं आणि त्यात नोंदी करता येतात, ही मोठी सोय आहे. पण अशा बाहेरच्या खात्यांचा मजकूर मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर सिंक होतो. हे ज्यांना चालणार नाही त्यांनी आधीच ठरवावं. जुनी कॉम ॲड-इन्स (क्लासिकमध्ये बसवायचे जोडप्रोग्राम) इथे चालत नाहीत. कार्यालयाचं बैठक-खोलीचं आरक्षण अशा ॲड-इनवर असेल, तर बदल करण्यापूर्वी चौकशी करा.

थंडरबर्ड

थंडरबर्ड (मोफत मेल प्रोग्राम) एकच प्रकार देतं, एकावर एक. पण तो नीट देतं. २०२० सालच्या ७८व्या आवृत्तीपासून कॅलेंडर त्यात मुळातच आहे, पूर्वीसारखं लाइटनिंग हे ॲड-ऑन वेगळं बसवावं लागत नाही. न्यू कॅलेंडर, मग ऑन द नेटवर्क, तिथे वापरकर्त्याचं नाव आणि सर्व्हरचा पत्ता दिला की त्या खात्यावरची सगळी कॅलेंडरं शोधून दाखवतं. हवी तेवढी निवडायची. कॅलडॅव्ह हे कॅलेंडर सर्व्हरशी जोडण्याचं खुलं मानक असल्यामुळे गूगल, नेक्स्टक्लाउड, फास्टमेल अशी निरनिराळी खाती शेजारी नांदतात आणि त्यांत नोंदीही करता येतात.

यादीतल्या नावावर उजवी क्लिक केली की तेवढंच कॅलेंडर दाखवण्याचा पर्याय मिळतो. गर्दी झाली की सर्वांत कामी येतो तोच. प्रॉपर्टीजमध्ये प्रत्येक कॅलेंडराचा रंग, किती मिनिटांनी ताजं करायचं, फक्त वाचायचं का, आठवणी दाखवायच्या का आणि ऑफलाइन प्रत ठेवायची का, हे वेगवेगळं ठरवता येतं. ऑफलाइन प्रत चालू ठेवावी. नाहीतर नेटवर्क मंद असताना आठवडा रिकामा दिसतो आणि वेळ मोकळी आहे असा समज होतो. नवी नोंद यादीत जे नाव निवडलेलं असेल त्या कॅलेंडरात जाते. पुढची खूण आणि निवडलेली ओळ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एक्स्चेंजच्या कॅलेंडरासाठी मात्र बाहेरचं ॲड-ऑन लागत आलं आहे. कार्यालय एक्स्चेंजवर असेल तर हा मार्ग खडतर आहे.

मॅकवरचं कॅलेंडर आणि लिनक्सवरचं इव्होल्यूशन

मॅकवरचं कॅलेंडरही मिसळलेलंच दृश्य देतं, पण एक्स्चेंज, गूगल आणि आयक्लाउड तिन्ही कुरकुर न करता घेतं. कमांड दाबून एका खुणेवर क्लिक केलं की सगळी एकदम चालू-बंद होतात. सेटिंग्जमध्ये जनरलखाली डिफॉल्ट कॅलेंडर ठरवून टाका, म्हणजे घरची नोंद ऑफिसच्या कॅलेंडरात जाणार नाही. दुसऱ्याने आपल्याला दिलेलं कॅलेंडर यादीत दिसत नसेल तर खात्याच्या डेलिगेशन टॅबमध्ये बघावं. गूगलच्या बाबतीत ते तिथे लपलेलं असतं.

लिनक्सवर कार्यालयाचं एक्स्चेंज हवं असेल तर इव्होल्यूशन घ्या आणि त्याच्यासोबत इव्होल्यूशन-ईडब्ल्यूएस हे पॅकेज बसवा. दृश्य थंडरबर्डसारखंच, रंगांनी मिसळलेलं.

दृश्य बरोबर, माहिती चूक

पडदा कितीही सुबक मांडला तरी चार गोष्टी दिशाभूल करतात.

पहिली आणि सर्वांत नुकसानकारक: आउटलुकमध्ये दिवसभराची नोंद मुळात "फ्री" म्हणून जाते. कुणी आठवडाभर रजेवर असून नोंद तशीच सोडली, तर ओळीत तो मोकळा दिसतो आणि त्याला बैठकींची आमंत्रणं जात राहतात. रजेच्या नोंदीत शो ॲज बदलून आउट ऑफ ऑफिस करायला सगळ्यांना सांगा.

दुसरी टाइम झोनची. आउटलुक दिवसभराची नोंद बनवणाऱ्याच्या मध्यरात्रीपासून पुढच्या मध्यरात्रीपर्यंत धरतं. दुसऱ्या टाइम झोनमधल्या सहकाऱ्याला ती दोन तारखांवर पसरलेली दिसते. आयकॅलेंडर (आयकॅल) स्वरूपात दिवसभराची नोंद नुसती तारीख म्हणून ठेवता येते, म्हणून तशी नोंद ठेवणाऱ्या कॅलेंडरांत हे होत नाही. अनेक देशांत विखुरलेल्या गटाने सामायिक आउटलुक कॅलेंडरात रजेची तारीख शीर्षकातच लिहावी.

तिसरी परवानगीची. कॅलेंडर उघडलं पण सगळ्या नोंदींवर फक्त "बिझी" दिसत असेल, तर प्रोग्राम बदलून उपयोग नाही. समोरच्याने फक्त मोकळं की व्यग्र एवढंच दाखवण्याची परवानगी दिलेली असते. शीर्षकं हवी असतील तर ती वाढवून मागावी लागते. बैठक ठरवताना आउटलुकमध्ये एखाद्याच्या ओळीवर तिरक्या रेघा आल्या, तर माहिती मिळालीच नाही असा अर्थ आहे. तिथे मोकळा वेळ समजून आमंत्रण पाठवू नका.

चौथी उशिराची. आयसीएस पत्त्याने, म्हणजे वर सांगितलेल्या आयकॅलच्या पत्त्यासारख्या पत्त्याने, जोडलेलं कॅलेंडर ठरावीक वेळानेच ताजं होतं. गूगलमध्ये बाहेरचं कॅलेंडर असं जोडलं तर बदल दिसायला १२ तासांपर्यंत लागू शकतात. सुट्ट्यांच्या यादीला हे चालतं. आजची बैठक पुढे ढकलली गेली का, हे बघायला अजिबात नाही. त्यासाठी खातंच जोडा.

मग काय घ्यावं

इतरांच्या वेळा जुळवणं हेच ज्याचं काम आहे आणि कार्यालय एक्स्चेंजवर आहे, त्याने क्लासिक आउटलुक मिळतं तोवर सोडू नये. वेगवेगळ्या सेवांवरची स्वतःचीच कॅलेंडरं एकत्र हवी असतील तर विंडोज आणि लिनक्सवर थंडरबर्ड घ्यावं आणि मॅकवर आधीपासून असलेलं कॅलेंडर वापरावं. नवं आउटलुक त्यांच्यासाठी बरं, ज्यांना मायक्रोसॉफ्ट आणि गूगल दोन्हींची एकेक कॅलेंडरं बघायची आहेत आणि आडव्या ओळींची रोज गरज पडत नाही.

कायमचा बदल करण्याआधी आपल्या खऱ्या कॅलेंडरांवर चाचणी घ्या. प्रत्येक कॅलेंडरात तासाभराची एक आणि दिवसभराची एक नोंद करा आणि दुसऱ्या यंत्रावरून त्यांची वेळ बदला. मग बदल किती वेळाने पोहोचतो, तारीख सरकते का आणि आठवण कुठल्या नोंदीची वाजते, ते बघा. क्लासिक आउटलुकमध्ये दुसऱ्यांच्या सामायिक कॅलेंडरातल्या नोंदींची आठवण वाजत नाही. कुणा वरिष्ठाचं वेळापत्रक सांभाळत असाल, तर त्याच्या महत्त्वाच्या बैठकीची एक नोंद स्वतःच्या कॅलेंडरातही ठेवा.