मराठी भक्ती की इंग्रजी सर्व्हिस? पुण्यात नव्याने आलेल्यांसाठी

नगर, नाशिक, कोल्हापूरकडून नोकरीसाठी पुण्यात येणारं आपल्यातलं ख्रिस्ती कुटुंब पहिला महिना घर, गॅस आणि शाळा यांत घालवतं. दुसऱ्या महिन्यात प्रश्न येतो की नाव कुठल्या मंडळीत, म्हणजे कुठल्या देवळाच्या सभासदांत, घालायचं. अँग्लिकन (म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या) वळणाच्या देवळांपुरतं बोलायचं तर निवड दोन गोष्टींतच असते: रविवारची मराठी भक्ती किंवा इंग्रजी सर्व्हिस. मी दोन्हीकडे बरीच वर्षं बसलोय, त्यामुळे माझं मत आहे आणि ते आधीच सांगून टाकतो. घरात म्हातारं माणूस असेल तर डोळे झाकून मराठी. दोन वर्षांच्या कामासाठी एकटेच आला असाल तर इंग्रजी. मधल्यांनी पुढे वाचावं.

आधी देवळाबाहेरच्या पाटीबद्दल. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) झाली. अँग्लिकन ही त्या सहांतली एक. त्यामुळे सून बाप्टिस्ट, म्हणजे मोठेपणीच बाप्तिस्मा घेणाऱ्या, घरातली असली तरी अडचण नाही, सीएनआयमध्ये तान्ह्या बाळाचाही बाप्तिस्मा होतो आणि कळत्या वयातही. पण पाटी बदलली म्हणून वळण जात नाही. पापांगीकार (पापांची कबुली), वचनं, विश्वासांगीकार (सगळ्यांनी मिळून म्हणायची श्रद्धेची कबुली), मग प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरस), हा क्रम दोन्ही भाषांत तोच. वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकायचे, डाव्या तळव्यावर उजवा तळवा ठेवायचा, भाकर हातात घ्यायची. अमेरिकन मिशनच्या देवळात वाढलेल्यांना ही उठबस पहिले चार रविवार जड जाते. कधी उभं राहायचं ते कळत नसेल तर पुढच्या बाकावरच्या आजींकडे बघा, त्या चुकत नाहीत.

मग फरक कुठे? इमारतींपासूनच सुरू होतो. गुरुवार पेठेतलं पंचहौदाचं पवित्र नाम देवालय 1885 चं. इंग्लंडमधल्या काउली फादर्स आणि वाँटेजच्या सिस्टर्स या संन्यस्त मंडळींनी इथे काम उभं केलं, पण ते पेठेत, मराठी माणसांमध्ये. (बाकी पुण्याला पंचहौद माहीत आहे ते 1890 च्या चहामुळे. मिशनमध्ये चहा घेतला म्हणून न्या. रानडे आणि लोकमान्य टिळकांवर केवढा गहजब झाला होता. आमच्याकडे आजही पाहुण्याला चहा देताना कोणीतरी हा विनोद करतंच.) उलट कॅम्पातलं सेंट मेरीज 1825 चं, छावणीसाठी बांधलेलं. बिशप हेबर यांनी त्याचं समर्पण केलं. तिथल्या भिंतींवर लष्करी साहेबांच्या स्मरणार्थ लावलेल्या शिळा वाचत बसलं तर प्रवचन कधी संपलं ते कळत नाही. एक देऊळ वस्तीसाठी उभं राहिलं, दुसरं बदलीवर येणाऱ्या माणसांसाठी, आणि दीडशे-दोनशे वर्षांनंतरही शहरातल्या मराठी आणि इंग्रजी भक्तीत मला साधारण हाच फरक दिसतो. इंग्रजीकडे आजही बदलीवरची माणसं असतात: तमिळ, मल्याळी, ईशान्येकडचे विद्यार्थी, आयटीतली मुलं. तुम्ही कोण, कुठले, कोणाचे, हे तिथे कोणी विचारत नाही.

मराठीत हे तिन्ही प्रश्न फाटकातच विचारले जातात. "नगरचे का? मग अमक्यांचे कोण?" दोन मिनिटांत नातं निघतं. काहींना याचा जीव गुदमरतो, आणि त्यांचं चूक नाही.

गाण्याबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण माझ्यासाठी निर्णय तिथेच झाला. इंग्रजी सर्व्हिसला ऑर्गन वाजवणारा चांगला असेल तर अंगावर काटा येतो, आणि गीतं चार आवाजांत बसवलेली असतात. शिस्त आहे. मराठीत पेटी, तबला, झांजा, आणि ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची पदं. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तो अमेरिकन मिशनमध्ये, अँग्लिकनांशी त्यांचा तसा संबंध नाही. पण मराठी गाताना मिशनच्या हद्दी कोणी पाळत नाही. पहिलं कडवं जरा रडतखडत जातं. दुसऱ्याला मागच्या बाकावरून कोणीतरी वरच्या पट्टीत उचलतं, तबलजी लय वाढवतो आणि मग पुस्तकाकडे कोणी बघत नाही. माझी आई शेवटच्या वर्षात माणसं ओळखत नव्हती, पण ही पदं तिला शेवटपर्यंत पाठ होती.

मुलांच्या बाबतीत मात्र मराठीची बाजू पडते, हे मान्य करायला हवं. माझी मुलगी इंग्रजी माध्यमातली. नऊ वर्षांची असताना "विश्वासांगीकार" वाचायला ती इतकी अडखळली की शेजारचा मुलगा हसला. पुढचे दोन महिने ती यायला तयार नव्हती. इंग्रजी संडे स्कूलमध्ये तिला गोष्टी कळल्या, तिने प्रश्न विचारले, मैत्रिणी जमवल्या. मराठीत राहायचं ठरवलंत तर घरी रोज एक स्तोत्र मराठीत वाचून घ्या. संडे स्कूल ते काम करेल या भरवशावर राहू नका.

आता कापणीचा सण. इंग्रजीकडेही होतो. वेदीपुढे फळं, भाज्या छान मांडतात आणि नंतर केकची विक्री असते. मराठीकडचा लिलाव मात्र एकदा तरी बघा. भक्ती संपली की आवारात टेबल लागतं. त्यावर मेथीच्या जुड्या, ज्वारी, अंडी, पाय बांधलेला कोंबडा. लिलाव पुकारणारा नेहमी तोच, आवाज बसलेला. गेल्या वर्षी एक लाल भोपळा पाचशेला गेला. घेणाऱ्याने तो तिथेच परत टेबलावर ठेवला, "पुन्हा बोला." तीन वेळा तोच भोपळा विकला गेला, आणि शेवटी तो पाळकसाहेबांच्या घरी पोचला. आठवडाभर त्यांच्याकडे दुसरी भाजी झाली नसणार.

आणि मयत. हे आधी कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. आमच्याकडे "पेटी" शब्दाचे दोन अर्थ आहेत, बाजाची आणि मयताची, आणि त्या रात्री दोन्ही पेट्या एकाच खोलीत असतात. मराठी मंडळीत निरोप गेला की तासाभरात माणसं येतात. कोणी चहाचं भांडं आणतं, कोणी कबरस्तानाचे कागद हातात घेतं, आणि पहाटेपर्यंत भजन चालतं. वडील गेले तेव्हा मी एकही फोन केला नव्हता. इंग्रजी मंडळीतले लोकही आले, मनापासून आले, पण दुसऱ्या दिवशी, ठरलेल्या वेळी. एकट्याने राहणाऱ्या, शांतपणे शोक करू पाहणाऱ्या माणसाला हेच बरं वाटेल. मला त्या रात्री गर्दी हवी होती.

त्या गर्दीची किंमतही आहे. एका मंडळीत, नाव घेत नाही, कमिटीच्या निवडणुकीत दोन गट पडले. सख्खे चुलतभाऊ प्रभुभोजनाला कठड्याच्या दोन टोकांना गुडघे टेकायचे. वर्षभर हे चाललं. इंग्रजीकडेही राजकारण असतं, फक्त आवाज खाली असतो. वर्गणीचं म्हणाल तर दोन्हीकडे पाकीट किंवा थैली, आता क्यूआर कोडही. त्यावरून निवड करू नका.

जुन्या मंडळीतून सभासदत्वाचं पत्र आणि दृढीकरणाचा (कन्फर्मेशनचा) दाखला आणायला विसरू नका, मुलांच्या लग्नाच्या वेळी तो शोधत गावी पळावं लागतं. आणि देऊळ बघायला नाताळात किंवा इस्टरला जाऊ नका, त्या दिवशी सगळीच मंडळी गोड असते. जुलैतल्या भर पावसातल्या रविवारी जा. बाकावर किती माणसं आहेत ते मोजा, आणि भक्तीनंतर छत्री उघडण्याआधी कोण तुमच्याशी बोलायला थांबतं ते बघा.

आमच्या घरात निवड झाली ती अशी: मी आणि बायको मराठीत, मुलगी आता सतरा वर्षांची, ती इंग्रजीत. कापणीच्या सणाला मात्र ती आमच्याकडे येते. गेल्या वर्षी भोपळ्याची दुसरी बोली तिचीच होती, माझ्या पैशांनी.