लाईट गेली की सेंटर स्पीकर बंद: जुन्या रिसीव्हरवर स्ट्रीमिंग स्टिक, दिवाळी ते मे

"एचडीएमआय बोर्ड गेला असन भाऊ, साडेसात हजार लागतीन. घेऊन या नागपूरले." लाईट जाऊन आली की आवाज बिघडतो, एवढं ऐकून सर्व्हिसवाल्यानं हे फोनवरच सांगितलं, रिसीव्हर (होम थिएटरच्या स्पीकरांना आवाज पुरवणारा डबा) डोळ्यानं न बघता. बोर्ड शाबूत आहे. आजही त्याच बोर्डावर फोर-के चित्र आणि ५.१ (पाच स्पीकर, एक सबवूफर) आवाज चालू आहे. आमचं गाव आर्वीच्या पुढं, तिथून एवढं वजनदार धूड एसटीत घालून नागपूरला न्यायचं आणि चांगला बोर्ड बदलून आणायचा, हे दुसऱ्या कुणाच्या नशिबी येऊ नये म्हणून सविस्तर लिहितो.

रिसीव्हर २०१५ च्या पिढीचा, ५.१ चा, सेकंडहँड नऊ हजारांत घेतलेला. स्टिक (नेटवरचे सिनेमे टीव्हीवर दाखवणारी कांडी) दिवाळीच्या सेलमधली, फोर-के वाली. स्टिक रिसीव्हरमध्ये, रिसीव्हर टीव्हीला.

पोर्टाचं आधी सांगतो. या रिसीव्हरला सहा एचडीएमआय इनपुट आहेत, पण फोर-के साठी लागणारं एचडीसीपी २.२ (कॉपी रोखणारं कुलूप) फक्त पहिल्या तीनांवर आहे. ज्या पोर्टावर कंपनीनं 'मीडिया प्लेअर' छापलंय, तो नेमका उरलेल्या तीनांतला. तिथं स्टिक लावली की चित्र येतं, पण १०८०पी च्या वर जात नाही. लेबलाकडं बघू नका, मॅन्युअलमधला पोर्टांचा तक्ता बघा. शिवाय रिसीव्हरच्या मेनूत फोर-के सिग्नल 'स्टँडर्ड' वर असेल तर 'एनहान्स्ड' करा, नाहीतर सेकंदाला ६० फ्रेमचं एचडीआर (जास्त उजेड-रंगाचं चित्र) पूर्ण येत नाही. एवढं झालं की चित्राला नाव ठेवायला जागा नाही.

खरा त्रास आवाजाचा. लाईट जाऊन आली की बोलणं ऐकू येईना. पार्श्वसंगीत दणदणीत, माणसं मात्र पुटपुटल्यासारखी. आई म्हणे, "हे लोकं विहिरीत उतरून बोलून राह्यले का रे?" बोलणं ज्यातून येतं त्या मधल्या सेंटर स्पीकरला कान लावला तर तो गप्प. रिसीव्हरच्या डिस्प्लेवर एरवी 'डॉल्बी डिजिटल प्लस' (५.१ चा आवाज) असतं, तिथं 'पीसीएम' आलेलं. म्हणजे स्टिक दोनच चॅनेलचा आवाज पाठवत होती. एवढ्या लक्षणावर बोर्ड गेला म्हणणं मला पटलं नाही. बोर्ड गेला असता तर लाईट गेल्यावरच कसा जातो आणि स्टिकची पिन काढून घातली की बरा कसा होतो?

कारण आमच्या वायरिंगमध्ये सापडलं. टीव्ही, राउटर आणि स्टिक इन्व्हर्टरच्या लाइनवर. रिसीव्हर इन्व्हर्टरला झेपत नाही म्हणून तो थेट मेनवर. लाईट गेली की रिसीव्हर मरतो, स्टिक जागीच राहते. लाईट आल्यावर रिसीव्हर आधी स्टँडबायमध्ये येतो, आणि 'स्टँडबाय थ्रू' चालू असेल तर स्टिकचा सिग्नल तसाच टीव्हीकडं सोडतो. अशा वेळी स्टिक पुढच्याला विचारते, तुला कुठला आवाज झेपतो? उत्तर देतो टीव्ही: दोन चॅनेल. स्टिक तेच धरून बसते. नंतर तुम्ही रिसीव्हर चालू केला तरी ती परत विचारत नाही.

उपाय फुकटाचा आहे. रिसीव्हरच्या एचडीएमआय मेनूत 'स्टँडबाय थ्रू' बंद केलं. स्टिकचा अ‍ॅडॉप्टर इन्व्हर्टरवरून काढून मेनवर, स्वतंत्र बटणावर घेतला. लाईट आली की आधी टीव्ही, मग रिसीव्हर, आणि डिस्प्लेवर इनपुटचं नाव उमटलं की शेवटी स्टिकचं बटण. स्टिकच्या सेटिंगमध्ये आवाज 'ऑटो' वर न ठेवता डॉल्बी डिजिटल प्लसवर पक्का केला. हा क्रम पाळला त्या दिवसापासून डिस्प्लेवर 'पीसीएम' दिसलेलं नाही. आईसुद्धा आता बटणं त्याच क्रमानं दाबते.

बटण वाचवायला स्टिकची पॉवर रिसीव्हरच्या मागच्या यूएसबीतून घ्यावी, असं शेजारच्या पोरानं सुचवलं. घेऊ नका. त्या यूएसबीतून अर्धा अँपिअर मिळतो, स्टिकला एक लागतो. सिनेमा ऐन रंगात आला की स्टिक रीस्टार्ट होते.

इथवरचं हिवाळ्यात लिहून ठेवलं होतं आणि स्टिकला पैकीच्या पैकी दिले होते. एप्रिलमध्ये मत बदललं. आमच्याकडं पारा ४४-४५ वर जातो, आणि रिसीव्हर तर थंडीतही गरम राहणारा. त्याच्या पाठीशी चिकटलेली स्टिक हाताला चटका द्यायची आणि दुपारी अडकायची. डब्यातला एचडीएमआयचा वीतभर एक्स्टेंडर लावून ती कपाटाच्या बाजूला बाहेर काढली. अडकणं थांबलं, आणि रिसीव्हरच्या लोखंडी पत्र्याआडून बाहेर आल्यामुळं वायफायही सुधारलं. पण बंद कपाटात, उन्हाळ्यात ही स्टिक टिकणार नाही, हे साफ सांगतो. एक गुण कापला.

मधे स्टिक थेट टीव्हीला आणि आवाज एआरसीनं (टीव्हीचा आवाज त्याच एचडीएमआय वायरनं उलटा पाठवायची सोय) रिसीव्हरला, असंही चालवून पाहिलं. आवाज ५.१ येतो, पण माझा टीव्ही डॉल्बी डिजिटल प्लस पुढं न सोडता त्याचं साधं डॉल्बी डिजिटल करतो, आणि ओठांच्या मागं शब्द येतात. रिसीव्हरमधल्या लिप-सिंकनं ते भरून निघत नाही, कारण तो आवाज आणखी मागं नेऊ शकतो, पुढं आणू शकत नाही. म्हणून परत जुन्याच जोडणीवर आलो. ज्यांच्या रिसीव्हरला एचडीसीपी २.२ अजिबातच नाही, त्यांना मात्र एआरसीच बरं. फोर-के चित्रही मिळतं आणि नवा रिसीव्हर घ्यावा लागत नाही. ऑप्टिकल वायरनं डॉल्बी डिजिटल प्लस जात नाही, तिच्यावर साधं डॉल्बी डिजिटल होऊनच जाईल. तेही काही वाईट नाही.

एक खोट अजून आहे. स्टिकमध्ये फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) सिनेमाशी जुळवायची सोय चालू ठेवली तर सिनेमा सुरू होताना दोन-तीन सेकंद पडदा काळा होतो, कारण रिसीव्हर आणि टीव्ही नव्यानं जुळवून घेतात. मी ती बंद ठेवली आहे. सर्व्हिसवाल्याला पुन्हा फोन करून हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, कंपनीच्या कागदावर असं काही लिहिलेलं नाही. तुमच्याकडं दुसऱ्या रिसीव्हरवर हाच पीसीएमचा प्रकार होत असेल, तर बोर्डाचे पैसे भरण्याआधी स्टँडबाय थ्रू बंद करून बघा, आणि काय झालं ते खाली मॉडेल नंबरासह लिहा.