छिद्रांची, खाचांची की साधी? काळ्या मातीत चालणाऱ्या गाडीची डिस्क

दोन वर्षांपूर्वी चिखलदऱ्याहून परतवाड्याला भरल्या गाडीनं घाट उतरताना ब्रेकचं पेडल मऊ पडलं. त्याच आठवड्यात पुढच्या चाकांच्या ब्रेक डिस्क, म्हणजे पॅड जिला दाबून चाक थांबवतात त्या चकत्या, बदलायचं ठरवलं.

आधी छिद्रांच्या बसवल्या. ओल्या डांबरावर पाय ठेवताच पकडायच्या; छिद्रांतून पाणी निघून जातं म्हणतात ते खोटं नाही. पण माझं वावर डांबरापासून दोन किलोमीटर आत, पांदण रस्त्यावर. आपली काळी माती कशी चिकटते हे तुम्हाला सांगायला नको. ती छिद्रांत जाऊन बसायची आणि ब्रेकच्या तापानं विटेसारखी भाजून निघायची. पाण्यानं हलायची नाही. मग जॅक लावा, चाक काढा, सायकलची तार घेऊन एकेक छिद्र टोकरा. एका चाकाला अर्धा तास, आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच. पोळ्यापर्यंत हेच केलं. टाळलं की किरकिर सुरू आणि पॅडवर चरे. शेवटी मिस्त्रीनं बॅटरीचा उजेड धरून एका छिद्राच्या कडेला केसाएवढी भेग दाखवली. ती वाढलीच असती असं नाही, पण मागे पोरं बसलेली असताना घाटात दुसरं काही सुचत नाही.

खाचांच्या डिस्क साडूंच्या गाडीला आहेत. ती मी सेमाडोहमार्गे धारणीपर्यंत चालवली. पकड छान, खाचेतला गाळ बराचसा आपोआप निघतो. मात्र जोरात ब्रेक मारला की घरघर होते आणि पॅड लवकर झिजतात. रोज घाट असेल तर त्या जरूर बघा.

मी साध्या, आतून हवा खेळणाऱ्या डिस्कवर परत आलो. त्यांच्या फटींतही चिखल जातो, पण पाण्याच्या मोटारीचा पाइप धरला की सुटतो. सोबत चांगले पॅड आणि नवं ब्रेक ऑइल घेतलं. मला वाटतं, त्या दिवशी दगा डिस्कपेक्षा ऑइलनंच दिला असावा; ते तापून उकळलं की वाफ होते आणि पेडल मऊ पडतं. डॉट 4 दर्जाचं ब्रेक ऑइल ताजं असताना निदान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. मुरलेल्या ओलीनं ती मर्यादा 155 पर्यंत उतरू शकते. यंदा त्याच घाटात, तेवढ्याच माणसांनिशी, पेडल खालपर्यंत टणक राहिलं.

तुमची जुनी डिस्क लेथवर घासून घेणार असाल, तर तिच्यावर कोरलेली किमान जाडी आधी वाचा. घासल्यावर तेवढी उरणार नसेल, तर नवीच घ्या.